तीनशेवीस पानांचं एक पान करताना



या वेळी भाजणी टिकवण्याबद्दल लिहीन असं म्हटलं होतं. ते पुढच्या खेपेला. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी एका खेळावरून जे रामायण झालं ते डोक्यातून जात नाहीये, आणि त्यात चूक माझी होती, म्हणून आधी तेच लिहिते.

थोरला अकरावीला पुण्याला गेला तेव्हापासून घरी आला की खोलीत. जेवायला ये म्हटलं की येतो, "हो", "नाही", "बघतो" एवढ्यावर भागवतो. तुमच्यापैकी ज्यांची मुलं सोळा-सतरा वर्षांची आहेत त्यांना जास्त सांगायला नको. या सुट्टीत मात्र तो बॅगेतून तीन जाडजूड पुस्तकं आणि फाशांची एक थैली घेऊन आला आणि स्वतःहून म्हणाला, "आई, तुम्ही सगळे खेळाल का माझ्याबरोबर?" मैत्रिणींनो, त्याने मला हे विचारून किती वर्षं झाली असतील! मी हातातलं लाटणं ठेवून हो म्हणाले.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. अमेरिकेत १९७४ साली निघाला. सोंगट्या-पट असं काही लागतंच असं नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. आमच्या धाकटीने पहिल्याच दिवशी त्याचं "गोष्टवाला" करून टाकलं, तेच चालू आहे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. गोष्टवाला सांगतो, "तुम्ही जंगलातल्या वाटेवर आहात, झुडपात काहीतरी हललं, काय करता?" आपण सांगायचं काय करतो ते. जमेल की नाही अशी शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा. जिंकणं-हरणं असं नसतं. सगळे मिळून एक गोष्ट पुढे नेतात, आणि ती कुठे जाईल हे कुणालाच, गोष्टवाल्यालासुद्धा, पुरतं माहीत नसतं.

फासे बघून सासूबाईंच्या कपाळाला आठी पडली. सप्तव्यसनांत पहिलं द्यूत, हे त्यांनी आम्हा सुनांना लग्नानंतरच्या पहिल्या चातुर्मासातच ऐकवलेलं आहे. "पैसे लावता का रे?" त्यांनी नातवाला विचारलं. तो म्हणाला, "नाही आजी, यात कुणी कुणाचं काही जिंकतच नाही." "मग ठीक आहे," म्हणून त्या माळ घेऊन खुर्चीत बसल्या. आपल्याकडेही ज्ञानबाजीचे चौऱ्याऐंशी घरांचे पट होतेच की, फासे टाकून वर चढायचे. सासूबाईंचा खरा आक्षेप दुसऱ्या दिवशी यायचा होता.

पहिला दिवस नुसता पात्रं तयार करण्यात गेला. थोरल्याच्या पहिल्या पुस्तकाचीच पानं तीनशेवीस. त्यात बारा प्रकारची माणसं आणि नऊ प्रकारच्या जाती-जमाती, त्यांतून एकेक निवडायची. मग सहा गुण : ताकद, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर छाप पाडण्याची हातोटी. प्रत्येकाला आकडा. माझी ताकद सोळा आली, मी खूश. तर म्हणे सोळा मिळवायचे नाहीत, सोळाचे तीन होतात, ते तीन मिळवायचे. मग कागदावर सोळा लिहायचे कशाला? यावर त्याने जुन्या आवृत्त्यांपासून सुरुवात केली आणि माझ्या भाज्या करपल्या. मी योद्धा झाले. "तू फायटर हो आई, तुला फार लक्षात ठेवावं लागणार नाही," हे त्याने प्रेमानेच म्हटलं असावं. धाकटी, वय वर्षं नऊ, जादूगार. जाऊबाईंची मुलगी बारा वर्षांची, ती क्लेरिक, म्हणजे जखमी माणसाला मंत्राने बरं करणारी.

दुपारी खेळ सुरू झाला आणि जंगलात चार गॉब्लिन आले. गॉब्लिन म्हणजे बुटके, हिरवट, खोडसाळ राक्षस. पहिल्याच बाणाला धाकटीची जादूगार पडली. पहिल्या पातळीच्या जादूगाराचा जीव तो केवढा! तिचे हिट पॉइंट सात, बाणाने आठ गेले. आता नियम असा की पडलेल्याने आपल्या प्रत्येक पाळीला वीसचा फासा टाकायचा. दहा किंवा वर आलं तर एक खूण जगण्याकडे, खाली आलं तर मरणाकडे. ज्या बाजूच्या तीन खुणा आधी होतील ते खरं. धाकटीने टाकला, चार आले. पुढच्या पाळीला टाकला, एक आला. आणि एक आला तर दोन खुणा धरायच्या, असं पुस्तकात आहे. झाल्या तीन. गेली.

मधे पुतणीची पाळी येऊन गेली होती. तिच्याकडे वाचवायचा मंत्र होता. पण तिच्या कागदावर सतरा ओळी, त्यातली कुठली उपयोगाची हे शोधता शोधता सगळे तिच्याकडे बघायला लागल्यावर घाबरून तिने हातातली गदाच फिरवली. धाकटी रडत स्वयंपाकघरात. थोरला म्हणतोय, "पण नियम आहे तसा!" आणि दीड तास होऊन गेला तरी चारातले तीन गॉब्लिन उभेच.

तेव्हा मी आईपणाचा अधिकार वापरला. म्हटलं, नियम कमी कर. तो म्हणाला, मग तो खेळ राहत नाही. मी म्हटलं, दे इकडे ते पुस्तक, मी करते.

रात्री ओटा आवरून झाल्यावर बसले आणि एका पानावर नियम उतरवले. आपल्याला वाटतं ना, घर चालवतो आपण, यादीतलं काय लागतं आणि काय नाही हे आपल्याइतकं कुणाला कळणार! फटाफट काट मारत गेले. मंत्रांचे हिशेब गेले. बोलून मन वळवण्याचे फासे गेले. लपणं, ऐकणं, माग काढणं गेलं. मरणाचा फासा तर पहिला गेला. पडलेलं पात्र पुढच्या खोलीत आपोआप उठेल असं लिहिलं. राहिलं काय? फासा टाका, लागला तर वार मोजा, समोरचा मेला की पुढे चला. मला वाटलं, हा गाभा आहे, बाकी सगळी सजावट.

दुसऱ्या दिवशी खेळ कसा पळाला! चाळीस मिनिटांत चार गॉब्लिन, पाच लांडगे आणि गुहेतला एक दांडगा अस्वलमाणूस संपला. धाकटी दोनदा पडली, दोनदा उठली. पुतणी म्हणाली, "काकू, मी काय करू? बरं करायला कुणी नाहीच." आणि सासूबाई खुर्चीतून म्हणाल्या, "अगं, या खेळात मारण्याशिवाय दुसरं काही नाही का?"

मी म्हटलं, "आई, खोटे आहेत ते राक्षस." त्या माळ थांबवून म्हणाल्या, "यशोधर राजानं मारला तो कोंबडा तरी कुठं खरा होता? पिठाचाच होता की."

तुम्हा सगळ्यांना ती गोष्ट माहीत आहे. पिठाच्या कोंबड्यापायी राजा आणि त्याची आई जन्मोजन्मी पशुयोनीत फिरले, कारण हात पिठावर पडला तरी मनात संकल्प मारण्याचा होता. मला उत्तर सुचलं नाही. थोरल्याने मात्र पुस्तक मिटलं, "चालेल, छान झालं," म्हणाला आणि मोबाइल घेऊन खोलीत गेला. त्याचं ते "चालेल" मला सासूबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

रात्री दूध घेऊन त्याच्या खोलीत गेले आणि सरळ विचारलं, मी काय बिघडवलं? तो आधी "काही नाही" म्हणाला. मग बोलायला लागला तो साडेबारापर्यंत. त्यातलं मला जेवढं कळलं ते सांगते, कारण माझं मत त्यावरच बेतलेलं आहे.

हे सोपं करण्याचं काम काही मी पहिल्यांदा केलेलं नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये खेळ काढला तेव्हा खोक्यात तीन लहान पुस्तिका होत्या. त्या मुळात सैन्याच्या लढाया टेबलावर खेळणाऱ्या लोकांसाठी लिहिलेल्या, बाहेरच्या माणसाला त्यातून खेळ कसा सुरू करायचा हेच कळेना. मग जे. एरिक होम्स नावाचे एक गृहस्थ, जे पेशाने मेंदूचे डॉक्टर आणि प्राध्यापक होते, ते स्वतःहून पुढे आले आणि म्हणाले, नवशिक्यांसाठी मी लिहून देतो. ते पुस्तक १९७७ ला आलं. पुढे १९८१ ला टॉम मोल्डव्हे यांनी ते पुन्हा नव्याने लिहिलं, चौसष्ट पानांत. थोरल्याकडे त्याची प्रत मोबाइलवर आहे, त्याने ती दाखवली.

आणि मैत्रिणींनो, मी चाटच पडले. चौसष्ट पानांत काय ठेवलंय बघा. कुणी समोर आलं की आधी लढाई नाही. आधी दोन साधे फासे टाकायचे, समोरचा कुठल्या मनःस्थितीत आहे हे ठरवायला. दोन आले तर तो तुटून पडतो. तीन ते पाच, रागात आहे. सहा ते आठ, त्याचं काही ठरत नाही. नऊ ते अकरा, तो निघून जातो किंवा तुमचं म्हणणं ऐकतो. बारा आले तर चक्क दोस्ती करतो. गणित मांडून बघा : दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी एकच अशी की समोरचा बघताक्षणी अंगावर येईल. पस्तीस वेळा बोलायला जागा आहे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक प्राण्याला हिमतीचा एक आकडा. त्यांच्यातला पहिला पडला किंवा निम्मे पडले की दोन फासे टाकायचे, त्या आकड्यापेक्षा जास्त आलं तर ते पळतात किंवा शरण येतात. गॉब्लिनची हिंमत सात. म्हणजे छत्तीसातल्या पंधरा वेळा ते आपापल्या घरी जातात. मरेपर्यंत लढत राहणं हा नियम कधी नव्हताच, तो मी केला होता.

तिसरी गोष्ट ऐकून मला हसू आलं. त्या जुन्या पुस्तकात एक गॉब्लिन हरवला तर पाच गुण, आणि योद्ध्याला दुसऱ्या पातळीवर जायला हवेत दोन हजार. एकट्याने म्हटलं तर चारशे गॉब्लिन! पण गुहेतून बाहेर आणलेल्या प्रत्येक सोन्याच्या नाण्यामागे एक गुण. त्यामुळे शहाणा खेळाडू लढाई टाळून, गोड बोलून, मागच्या दाराने जायचा. थोरल्याच्या २०१४ च्या पुस्तकात तोच गॉब्लिन पन्नास गुणांचा आणि दुसरी पातळी तीनशेला, म्हणजे सहा गॉब्लिन झाले की बस. आता सोन्याचं म्हणाल तर हिंसेतून सुटलो आणि परिग्रहात अडकलो, हे आहेच. त्यावर आम्ही काय केलं ते पुढे सांगते.

तर माझं म्हणणं असं. खेळ अवघड करणाऱ्या गोष्टी दोन प्रकारच्या असतात. एक आकडेमोड आणि दुसरी निवड. दोन्ही पानं भरतात, दोन्हींनी डोकं भणभणतं, म्हणून आपण दोन्हींना एकाच झाडूने झाडून टाकतो. आकडेमोड खुशाल झाडा. या खेळाच्या कर्त्यांनीही तीच झाडली आहे. पूर्वी चिलखताचा आकडा कमी असेल तितकं चिलखत चांगलं असायचं आणि वार लागला की नाही हे वजाबाकी करून काढायचं. २००० साली ते उलटं करून सरळ केलं, जास्त आकडा म्हणजे चांगलं चिलखत, आणि जवळजवळ सगळ्याला एकच वीसचा फासा. २०१४ ला परिस्थिती तुमच्या बाजूची आहे म्हणून दोन मिळव, अंधार आहे म्हणून चार वजा कर अशा बहुतेक बेरजा-वजाबाक्यांच्या जागी एक युक्ती आणली : परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाका आणि मोठा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान घ्या. नऊ वर्षांच्या मुलीला एका वाक्यात समजतं. यात खेळणाऱ्याचं काहीही गेलं नाही, ठरवायचं ते सगळं तिच्याच हातात राहिलं.

निवड झाडली की मात्र खेळ जातो. सगळ्यात सोपा खेळ कुठला? सापशिडी. एकच नियम आणि ठरवायचं काहीच नाही. फासा सांगेल तिकडे जायचं. नियम कमी करत करत मी माझ्या मुलाच्या खेळाची सापशिडी केली होती, फक्त शिडीच्या जागी तलवार.

आणि आणखी एक मला फार उशिरा कळलं. नियम गाळला की टेबलावरच्या कुणाचं तरी काम जातं. मरणाचा फासा मी धाकटीच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठी काढला, आणि पुतणी बेकार झाली. कुणी मरतच नसेल तर बरं करणारीला विचारतो कोण? पहिल्या दिवशी चुकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी नकोशी झाली. तिच्या कागदावरच्या सतरा ओळींच्या दोन ओळी करून तिच्या हातात द्यायच्या होत्या. मी तिचं कामच काढून घेतलं.

गाळायचं नाही तर मग काय करायचं? लहान करायचं. हे सुचायला मला इतका वेळ लागायला नको होता, कारण आपल्याकडे ते रोजच्या जगण्यात आहे. मुनिमहाराजांची पाच महाव्रतं आणि आपली पाच अणुव्रतं. गृहस्थाला झेपत नाही म्हणून पाचातली तीन ठेवली, दोन सोडली, असं कुणी केलेलं नाही. पाचही आहेत, आपल्या आवाक्याएवढी.

तिसऱ्या दिवशी पान मी लिहिलं नाही. कॅलेंडरच्या जुन्या पानामागे थोरल्याने लिहिलं, आम्ही तिघी सांगायला. सगळ्याला वीसचा फासा, आणि अवघडपणाचे तीनच आकडे, दहा, पंधरा, वीस. हिट पॉइंटच्या जागी चिंचोके. गॉब्लिनचे दोन, धाकटीचे तीन, माझे पाच, एका वाराला एक चिंचोका. जादूगाराचे दिवसाला दोन मोठे मंत्र, पुस्तकात आहेत तसेच ठेवले, कारण आता वापरू की मागे ठेवू हीच तर तिची गंमत. समोरच्याच्या मनाचे दोन फासे आणि हिमतीचा आकडा चौसष्ट पानांच्या पुस्तकातून उचलले. गुण सोन्याला नाहीत आणि मारण्यालाही नाहीत. ज्याची वस्तू हरवली त्याला ती परत नेऊन दिली की गुण.

मरणाचा फासा मात्र अडला. मी म्हणे नको, थोरला म्हणे त्याच्याशिवाय कुणाला भीतीच नाही. शेवटी तोच म्हणाला, फासा काढूया, वेळ ठेवूया. पात्र पडलं की त्याच्यापुढे तीन चिंचोके मांडायचे. दर फेरीला एक उचलायचा. तिसरा उचलायच्या आत कुणीतरी पोचलं पाहिजे. धाकटी म्हणाली, पडलेल्याला फेरीत एक शब्द बोलता आला पाहिजे. तेही लिहिलं.

आणि सासूबाईंसाठी म्हणून थोरल्याने त्या जाड पुस्तकात एक छोटासा परिच्छेद दाखवला. हातातल्या शस्त्राचा शेवटचा वार असेल तर मारणारा म्हणू शकतो की मी याला मारत नाही, बेशुद्ध करतो. तीनशेवीस पानांत एवढासाच, सहज नजरेतून सुटेल असा. आमच्या पानावर तो सगळ्यात वर आहे, फक्त उलटा करून : समोरचा पडला म्हणजे बेशुद्ध. मारायचा असेल तर तसं मोठ्याने सांगायचं. अजून कुणी सांगितलेलं नाही.

सासूबाईंचं समाधान झालं का? पूर्ण नाही. पिठाच्या कोंबड्याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही, आणि गदा फिरवताना माझ्या मनात काय असतं हे मी एकदोनदा स्वतःला विचारलं आहे. तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, मग असला खेळ घरात आणायचाच कशाला. म्हणा. पण आमच्या मुलांच्या मोबाइलवर जे खेळ आहेत त्यात समोरच्याशी बोलण्याचं बटणच नसतं. इथे निदान प्रत्येक वेळी विचारावं लागतं, काय करता?

जाऊबाईंचं म्हणणं वेगळंच पडलं. "एवढी उठाठेव कशाला, नुसती गोष्टच सांगा ना मिळून, नियम हवेतच कशाला?" मला आधी पटलं. मग आठवलं, नियम नसले की घरात कुणाचं चालतं. मोठ्याचं. धाकटी म्हणणार मी गॉब्लिनला समजावलं, दादा म्हणणार तो ऐकत नाही, आणि दादा मोठा. किंवा मी मधे पडणार आणि माझं चालणार. फाशाला वय कळत नाही. चौथ्या दिवशी पुलावर आडव्या आलेल्या गॉब्लिनशी धाकटीच बोलली, दोन फासे पडले पाच आणि पाच, दहा. थोरल्याने त्या पुलावर मोठी लढाई आखून ठेवली होती, नकाशासुद्धा काढला होता. त्याने पानाकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं आणि म्हणाला, "बरं, तो विचारतोय, पूल ओलांडायला काय देणार?" तिने त्याला शंकरपाळे दिले. गोष्टीतले. त्यापुढचे दोन तास तो गॉब्लिन आमच्याबरोबरच होता. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची म्हणून मला खेळ थांबवावा लागला, तर चौघंही माझ्यावर चिडली. चौथ्या सासूबाई होत्या.

थोरला भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गेला. पान इथेच आहे, फ्रिजवर चिकटवलेलं. परवा रात्री त्याचा फोन आला, मला वाटलं पैसे हवेत. म्हणाला, "आई, होस्टेलवर मुलांना आपलं पान आवडलं, पण एक विचारतायत. पडलेल्याने जो एक शब्द बोलायचा, त्यात जादूगाराला मंत्र म्हणता येईल का?"

मी म्हटलं, मला काय माहीत, नियम धाकटीचा आहे. तिला उठवलं. तिने झोपेतच बराच विचार केला आणि म्हणाली, छोटा मंत्र असेल तर चालेल, मोठा नाही.